सहा गावं, दोन लिपी: पाट्यांच्या अक्षरांची प्रगती-नोंद

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, गोकाक. या सहा नावांच्या पाट्यांचा संच करायचा आणि प्रत्येक पाटीवरची मराठी व कानडी अक्षरं एकाच हातची वाटली पाहिजेत, असं हे काम आहे. चार नावं पूर्ण झाली. निपाणीचं वेक्टर काम, म्हणजे कॉम्प्युटरवर अक्षरं आखणं, चालू आहे, हुक्केरी अजून ट्रेसिंग पेपरवर आहे.

सीमाभागातल्या नवोदित डिझायनरने पोर्टफोलिओसाठी हाच विषय घ्यावा, असं ठाम मत आहे. दोन्ही लिपी रोज डोळ्यांखालून जाणं हे इथलं भांडवल आहे. पुण्या-मुंबईच्या डिझायनरला कानडी अक्षराचं वळण मुद्दाम शिकावं लागतं, इथे ते शाळेच्या वाटेवरच्या पाट्यांवर दिसतं.

संदर्भासाठी बेळगावच्या खडेबाजार, गणपत गल्ली आणि शहापूर भागातल्या हाताने रंगवलेल्या पाट्यांचे फोटो घेतले. फोटो पाटीच्या समोर उभं राहून, लांबून, झूम करून घ्यावा. खालून वर घेतला तर अक्षरं वरच्या बाजूला निमुळती होतात आणि ट्रेस करताना ती चूक आपल्या अक्षरात उतरते. पेंटरची सही असेल तर तिचाही फोटो ठेवावा. त्याचं वळण जसंच्या तसं उचलायचं असेल तर त्याला विचारावं आणि नाव द्यावं. छापील बाजूने ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेच्या ‘अनेक’ कुटुंबातला देवनागरी आणि कानडी फाँट शेजारी ठेवला, तसंच ‘बालू’ आणि त्याचं कानडी भावंड ‘बालू तम्मा’. हे नकलेसाठी नव्हे, वजन कसं जुळवलंय ते पाहण्यासाठी. मराठी शब्दाला चेहरा कसा द्यावा हे बघायचं असेल तर कमल शेडगे यांनी केलेली नाटकांची शीर्षकं पुन्हा पुन्हा पाहावीत.

आता मापं. देवनागरीची शिरोरेषेच्या वरच्या कडेपासून पायापर्यंत उंची ५० मिमी, काना ८ मिमी, शिरोरेषा ७ मिमी. आडवी रेघ उभ्या रेघेइतकीच जाड काढली तर डोळ्याला जास्त जाड दिसते, म्हणून १ मिमी कमी. कानडी अक्षराची उंची सुरुवातीला ५० मिमीच ठेवली होती आणि तिथेच घोटाळा झाला: कानडी ओळ थोराड दिसू लागली. कारण साधं आहे. देवनागरीत वरचे ७ मिमी शिरोरेषा खाते, अक्षराचं पोट त्याच्या खाली सुरू होतं. कानडीत सलग शिरोरेषा नाही, फक्त तलेकट्टू, म्हणजे अक्षराच्या डोक्यावरची छोटी रेघ. म्हणून एकूण उंची न जुळवता पोटातली पांढरी जागा जुळवली. कानडी ४४ मिमीवर आणलं, रेघ ७ मिमी आणि वाटोळं पोट पायरेषेच्या खाली १ मिमी उतरवलं. गोल आकार रेषेवर नेमका टेकवला की तो तरंगल्यासारखा दिसतो.

कट निबने, म्हणजे तिरक्या छाटलेल्या टोकाने, सराव करणाऱ्यांसाठी एक सूचना. इंग्रजी कॅलिग्राफीसारखी निब धरून देवनागरी लिहिली तर जाड-बारीक उलटं पडतं. देवनागरीचा बोरू उलट्या बाजूला छाटलेला असतो.

सगळ्यात जास्त वेळ निपाणीने घेतला, आणि ते योग्यच आहे. मराठीत ‘निपाणी’, कानडीत ‘निप्पाणी’. म्हणजे कानडीत ‘प’च्या खाली दुसरा ‘प’ ओत्ताक्षर म्हणून लटकतो. कानडी ओळ वर आणि मराठी खाली असली की वरून ओत्ताक्षर उतरतं, खालून वेलांटी चढते आणि दोन्ही एकमेकांना भिडतात. ओत्ताक्षर २५ मिमी, वेलांटी २० मिमी, मध्ये श्वासाला १० मिमी, म्हणजे दोन ओळींत ५५ मिमी सोडावे लागतील. एवढं अंतर सोडलं की पाटी दुभंगते. उपाय शब्दातच सापडला. मराठीत ‘नि’ आणि ‘णी’ वर वेलांट्या आहेत, पण ‘पा’च्या डोक्यावर काहीच नाही. ओत्ताक्षर त्याच खाचेत उतरवलं. मात्र कानडी ओत्ताक्षर मूळ अक्षराच्या जरा उजवीकडे झुकतं, त्यामुळे ‘णी’च्या वेलांटीला घासत होतं. मराठी ओळ ६ मिमी उजवीकडे सरकवली, अंतर ३४ मिमीवर आलं.

याच शब्दात दुसरी खबरदारी. कानडीत ‘प’च्या पायाशी छोटी उभी चीर दिली की त्याचा ‘फ’ होतो, ‘ब’चा ‘भ’ होतो. शोभेसाठी पायाला टोक काढलं आणि गावाचं नाव बदललं, असं होऊ शकतं. कानडी वाचणाऱ्या माणसाला दहा फुटांवरून दाखवल्याशिवाय कुठलंही अक्षर पक्कं धरू नये.

खानापूरला त्रास मराठी बाजूने झाला. जाड वजनात ‘ख’मधल्या ‘र’ची शेपूट ‘व’ला टेकली नाही तर ‘रवानापूर’ वाचलं जातं. शेपूट पुढच्या पोटात २ मिमी घुसवली. गोकाक आणि चिकोडी विशेष अडले नाहीत.

कॉम्प्युटरवर ऑटो-ट्रेस वापरू नये. एका वेलांटीवर चाळीस-पन्नास नोड, म्हणजे वळण धरणारे बिंदू, पडतात आणि वळण दातेरी होतं. वळणाच्या सगळ्यात वरच्या, खालच्या, डाव्या, उजव्या टोकाला एकेक नोड पुरतो. इंकस्केपमध्ये हे फुकट होतं. इलस्ट्रेटरमध्ये मजकूर टाइप करताना ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या नंतर पडली किंवा जोडाक्षर फुटलं, तर फाँटला दोष देऊ नका. प्रेफरन्सेसमध्ये टाइप विभागात इंडिक पर्याय चालू करा आणि पॅराग्राफला साउथ एशियन कंपोजर लावा. प्रेसमध्ये फाइल देण्याआधी कोरलड्रॉमध्ये कंट्रोल-क्यू करून कर्व्ह करा, म्हणजे मजकुराचे नुसते आकार होतात. नाहीतर तिथल्या मशीनवर तुमचा फाँट नसला की भलताच फाँट बसतो.

व्हिनाइल किंवा ॲक्रिलिक कापायचं असेल तर कर्व्ह केल्यावर वेल्ड करणं, म्हणजे एकमेकांवर चढलेले आकार एकत्र जोडणं, सक्तीचं समजा. देवनागरी फाँटमध्ये प्रत्येक अक्षराचा शिरोरेषेचा तुकडा पुढच्यावर थोडा चढलेला असतो. पडद्यावर ते दिसत नाही, पण कटर प्रत्येक सांध्यावर चीर पाडतो. वेल्ड केलं की मराठी शब्द शिरोरेषेने एकसंध राहतो आणि लावायला सोपा जातो. कानडीत प्रत्येक अक्षर सुटं, ओत्ताक्षरही बऱ्याचदा सुटं. त्यासाठी पूर्ण मापाचा कागदी साचा काढून भिंतीवर चिकटवावा आणि मग अक्षरं बसवावीत. अनुस्वारही सुटा पडतो, म्हणून दोन जास्तीचे कापून ठेवावेत.

खऱ्या दुकानाच्या बोर्डाचा हिशेबही करून पाहिला. कर्नाटकात २०२४च्या कायदा-दुरुस्तीनंतर नामफलकावर ६० टक्के कानडी बंधनकारक आहे. १० × ३ फुटांच्या बोर्डात ३० चौरस फुटांपैकी १८ कानडीला. उरलेल्या १२ मध्ये मराठीला ८, इंग्रजीला ४. म्हणजे मराठीची पट्टी ९.६ इंच. त्यातून वेलांटी आणि उकाराची जागा काढली की अक्षराची उंची साधारण साडेपाच इंच उरते. इंग्रजीसाठी १ इंच उंचीचं अक्षर १० फुटांवरून वाचता येतं असा ढोबळ हिशेब चालतो, जोडाक्षरांसाठी तो कमी धरावा. एवढ्या जागेत नाजूक जाड-बारीक टिकत नाही. समान जाडीची, उघड्या पोटांची अक्षरं घ्यावीत. फ्लेक्स असेल तर चारही बाजूंनी २-३ इंच रिकामे ठेवावेत, ते फ्रेमवर मागे वळतात.

पोर्टफोलिओत प्रत्येक नावाला तीन पानं: संदर्भ फोटो, मापांसकट कच्चं रेखाटन आणि अंतिम पाटी. फसलेला ५० मिमीचा कानडी नमुनाही ठेवायचा आहे. काम देणाऱ्याला आणि प्रवेश मुलाखतीत समोर बसलेल्याला डोळा कसा सुधारला हे त्यातूनच कळतं. स्थानिक कामं बहुतेक द्विभाषिक लग्नपत्रिका, मंडळांचे फलक आणि कुंदा या बेळगावच्या मिठाईच्या खोक्यांची असतात. तिथे दोन्ही लिपींतली शुद्ध अक्षरं देणाऱ्याने जास्त दर सांगायला संकोचू नये, कारण कानडी तपासण्याचा वेळही त्यात धरलेला असतो.

हुक्केरीत दोन्ही लिपींत ‘क्क’ आहे. मराठीत तो एकाखाली एक लिहिला तर कानडी ओत्ताक्षराशी सुंदर जुळतो, पण ८ मिमी जाडीत खालचा ‘क’ बुजतो. शेजारी-शेजारी लिहिला तर वाचायला स्वच्छ, पण शब्द १४ मिमी लांबतो. दोन्ही नमुने भिंतीवर लावले आहेत. सध्या आडव्याकडे कल आहे.