एका पुडीत दोन जाती

जर्मनीतल्या एका संग्रहालयात वाळवलेल्या बुरशांची नावं पुन्हा तपासायचं माझं काम. परवा एक जुनी पुडी उघडली. लेबल: स्ट्रोबिल्युरस टेनासेलस, पाईनचं जंगल, एप्रिल. आत नखाएवढ्या पाच तपकिरी छत्र्या. शंकू, म्हणजे पाईनचं खवल्याखवल्यांचं लाकडी बोंड, नव्हता.

ही छत्री जमिनीतून आल्यासारखी दिसते, पण सुयांच्या थराखाली गाडल्या गेलेल्या शंकूतून ती निघते. देठाचं केसाळ मूळ थेट तिथवर जातं. लोक वरच्यावर खुडतात आणि ‘जमिनीवर’ असं लिहून मोकळे होतात, याचा मला मनस्वी राग येतो. स्प्रूसचा शंकू असेल तर याच स्ट्रोबिल्युरस वंशातली एस्क्युलेंटस, पाईनचा असेल तर टेनासेलस नाहीतर स्टेफॅनोसिस्टिस. शरदात अशाच शंकूंवर बीओस्पोरा ही दुसऱ्या वंशाची बुरशी येते, पण तिचे बीजाणू मेल्झरच्या (आयोडीनच्या) द्रावणात निळे पडतात, यांचे पडत नाहीत.

पाईनवरच्या दोघी मात्र नुसत्या डोळ्यांना सारख्याच. टोपीखालच्या पडद्याचा कपटा भिजवून सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा आणि सिस्टिडिया, म्हणजे पडद्यावर वर आलेल्या मोठ्या पेशी, शोधायच्या. टेनासेलसच्या टोकाला निमुळत्या. स्टेफॅनोसिस्टिसच्या गोल डोक्याच्या, वर स्फटिकांची टोपी; नीट दिसली की डोळ्यांचं पारणं फिटतं.

पहिल्या तीन छत्र्यांत निमुळती टोकं. उरलेल्या दोघींत गोल डोकी, स्फटिकांसकट.

सहकारी म्हणतो, गोळा करणाऱ्याने जंगलभर फिरून एकाच पुडीत भरलं असेल. असेलही. पण एका टेनासेलसची आणि एका स्टेफॅनोसिस्टिसची मुळं एकमेकांत गुंतलीत आणि मधे शंकूचा एक खवला अडकलाय. दोघी एकाच शंकूवर होत्या का? टेनासेलस इतर बुरशांचा श्वास कोंडणारं स्ट्रोबिल्युरिन बनवते. 1977 मध्ये टिम अंके आणि वोल्फगांग श्टेग्लिश यांनी ते वेगळं काढलं. त्याच्याच धर्तीवर बनलेलं अॅझॉक्सिस्ट्रोबिन हे बुरशीनाशक नाशिककडे द्राक्षांवर डाऊनी या रोगासाठी फवारतात. अशा शेजारणीला खेटून दुसरी वाढली असेल तर कशी?

शंकू असता तर तो फोडून पाहता आला असता. कपाटात जागा होत नाही म्हणून कुणीतरी तो कधीच फेकून दिला, आणि असे निर्णय घेणाऱ्यांना नमुना म्हणजे काय हेच कळलेलं नसतं. खवल्याचा तुकडा डीएनएसाठी मागितलाय. तुकडा मोडला की गेला, म्हणून परवानगी अडलीय. तोवर गुंतलेली ती जोडी मी सोडवणार नाही.