आधी भात, मग बावटा

पहिल्या पाच मिनिटांत काहीच घडत नाही, अशी तक्रार या जपानी ॲनिमेशन सिनेमाबद्दल मी ऐकली आहे. तक्रार करणाऱ्यांनी जन्मात कधी सकाळचा स्वयंपाक केला नसावा. सोळा वर्षांची उमी उठते, अंथरुणाची घडी घालते, केस बांधते, काडी ओढून गॅस पेटवते आणि भात चढवते. वडिलांच्या फोटोपुढचं पाणी बदलते. बागेत जाऊन उंच काठीवर दोन बावटे चढवते. परत आत. तव्यावर अंडी, हॅमचे काप, बारीक चिरलेला कोबी, वाट्या, चॉपस्टिक्स. आणि मग घरातले एकेक जण डोळे चोळत येऊन बसतात. इतकं सगळं उरकलंय आणि शाळा अजून भरायचीच आहे!

सिनेमाचं नाव ‘फ्रॉम अप ऑन पॉपी हिल’. स्टुडिओ जिबलीने तो 2011 मध्ये काढला. जिबली म्हटलं की लोकांना आकाशात तरंगणारे किल्ले आणि बोलणारी मांजरं आठवतात. इथे त्यातलं काही नाही. योकोहामाचं बंदर, बंदराकडे उतरणारा एक रस्ता, टेकडीवरचं एक जुनं घर. हे घर पूर्वी दवाखाना होतं, आता तिथे भाडेकरू बायका राहतात. घराची सूत्रं आजीकडे, आई शिकायला अमेरिकेत, आणि पाठची दोन भावंडं वाढलेलं ताट समोर येण्याची वाट बघणारी. म्हणजे घर चालवते उमीच. तिला त्याचं काही वाटत असेल, तर सिनेमा ते बोलून दाखवत नाही. तिचे हात मात्र सतत दाखवतो.

साल आहे 1963. मूळ गोष्ट 1980 मध्ये एका मुलींच्या मासिकात चित्रमालिका म्हणून आली होती. सिनेमाने तिला मुद्दाम या सालात नेऊन बसवलं. पटकथा जिबलीचे एक संस्थापक हायाओ मियाझाकी आणि केइको निवा यांची. 1963 मध्येच हायाओ मियाझाकी बावीस वर्षांचे होते आणि तोएई या ॲनिमेशन स्टुडिओत नुकते नोकरीला लागले होते. दिग्दर्शन त्यांच्या मुलाचं, गोरोचं. त्याचा जन्म 1967 चा. बापाच्या उमेदीचं वर्ष, आणि ते रंगवायचं कुणी, तर तेव्हा जन्मालाही न आलेल्या मुलाने. या बापलेकांचं कामावरून फारसं जमत नव्हतं हे जगजाहीर आहे. तरीही, किंवा कदाचित त्यामुळेच, पोरं आपल्या बापांचा शोध घेत फिरतात ही गोष्ट दोघांना मिळून सांगता आली असावी.

उमीचे वडील दर्यावर्दी. कोरियाच्या युद्धात रसद नेणारं त्यांचं जहाज सुरुंगाला लागून बुडालं. इथे मी सिनेमा थांबवून जरा हिशेब केला. जपानचं युद्ध 1945 मध्ये संपलं. 1947 पासून अमलात आलेल्या राज्यघटनेत जपानने युद्ध कायमचं सोडलं. आणि 1950 मध्ये कोरियात लढाई पेटली तेव्हा, देश अमेरिकेच्या ताब्यात असताना, जपानी खलाशी अमेरिकन सैन्याचं सामान वाहत होते. बरेच दिवस यावर कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. सिनेमाही मोठ्याने बोलत नाही. एका प्रसंगात उमी एका बड्या माणसाला एवढंच सांगते, की वडील त्या जहाजाचे कप्तान होते. तो माणूस क्षणभर गप्प होतो आणि तिच्या आईचे किती हाल झाले असतील, एवढंच म्हणतो. ‘युद्धोत्तर’ हा शब्द आपण फार बिनदिक्कत वापरतो. उमीच्या घरात युद्ध दोनदा संपलेलं आहे.

तर ते बावटे. एक लाल-पांढऱ्या चौकटींचा, दुसरा निळ्या काठाचा, मध्ये पांढरा आणि पोटात लाल. जहाजांच्या आंतरराष्ट्रीय संकेतात हे दोन एकाखाली एक लावले की अर्थ होतो: तुमचा प्रवास सुखाचा होवो. वडिलांना घर सापडावं म्हणून लहानपणी तिने ते चढवायला सुरुवात केली. ते गेल्यावरही सोडलं नाही. आता खालून कुठलंही जहाज गेलं, तरी त्याला शुभेच्छा. आणि मोठी जहाजं ओढणाऱ्या ज्या टगबोटीतून शुन नावाचा मुलगा रोज शाळेला येतो, त्या बोटीवरून तिला उत्तराचे बावटे चढतात. पण ती उभी असते तिथून मधल्या झाडीमुळे बोट दिसतच नाही! वरच्या मजल्यावर राहणारी चित्रकार भाडेकरीण खिडकीतून दिसणाऱ्या समुद्राचं चित्र काढते, तेव्हा त्यात उमीला ती बोट दिसते, वर फडकणाऱ्या निशाणांसकट. प्रेमाची इतकी हळू चालणारी टपाल मी दुसऱ्या कुठल्याच सिनेमात पाहिलेली नाही.

शुन शाळेचं वार्तापत्र काढतो. स्टेन्सिलवर लोखंडी लेखणीने कोरायचं आणि शाईचा रूळ फिरवायचा, अशी ती छपाई. सायक्लोस्टाईलचा तो ओला वास ज्यांनी घेतला आहे, त्यांना या प्रसंगात पडद्यातून वास येईल. त्याचा हात दुखावलेला असतो म्हणून उमी अक्षरं कोरून देते. दोघांचं पहिलं सहजीवन हे असं, मान मोडून, टेबलावर ओणवं.

वार्तापत्राचा अड्डा म्हणजे शाळेतल्या मुलांच्या मंडळांची जुनी तीनमजली इमारत. पोरांनी तिला थाटात पॅरिसच्या विद्यार्थिवस्तीचं नाव दिलंय, लॅटिन क्वार्टर. आत वर्षानुवर्षं सूर्यावरचे डाग मोजणारे खगोलवाले आहेत, स्फोट करणारे रसायनवाले आहेत, आणि एकच सभासद असलेलं तत्त्वज्ञान मंडळ आहे. धूळ, कागद, जाळी, भांडणं. शाळेला ही इमारत पाडायची आहे. पोरं सभा घेतात, एकमेकांच्या अंगावर धावून जातात, आणि मास्तर दारात दिसताच क्षणात एकसुरात गाणं म्हणू लागतात. हा प्रसंग मी तीनदा मागे नेऊन पाहिला.

इमारत वाचवायची कशी यावर भाषणं रंगत असताना उमी सुचवते, की आधी साफ करू या. मग शाळेतल्या मुली पदर खोचून उतरतात, म्हणजे डोक्याला फडकी बांधून. दिवाळीच्या आधी आमच्या घरात माळ्यावरून जे जे खाली येतं, ते सगळं तिथे तीन मजल्यांवरून दोरीने खाली येतं. जमिनी घासल्या जातात, काचा पुसल्या जातात, भिंतींना रंग लागतो. पडद्यावर झाडलोट इतकी देखणी दिसू शकते यावर माझा विश्वास नव्हता. पण एक गोष्ट मला टोचतेच: घाण केली मुलांनी आणि मुली आल्याशिवाय झाडू हलला नाही. 1963 मध्ये असंच झालं असतं हे खरं. 2011 मध्ये त्याकडे जरा तिरकं बघायला काय हरकत होती? उमीच्या धाकट्या भावाला निदान एक ताट तरी उचलायला लावायचं.

ताटावरून करी आठवली. एका संध्याकाळी करीचा बेत असतो आणि घरात मांस नसतं. धाकट्यांना दुकानात जायला सांगावं, तर टीव्हीवर क्यू साकामोतो गातोय. त्याचं हे गाणं त्याच वर्षी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं होतं, पोरं कशाला उठतील! मग उमीच निघते, वाटेत शुन सायकलवर भेटतो आणि उतारावरून दोघं बाजारात. परतताना तो तिला गरम कोरोक्के घेऊन देतो, बटाट्याचं तळलेलं पॅटिस. मला मात्र करीचीच गंमत वाटत राहिली. आपल्याकडून ती इंग्रजांकडे गेली, इंग्रजांच्या आरमाराकडून जपानी आरमाराने उचलली आणि तिथून घराघरांत शिरली. आता ती जराशी गोड लागते आणि तिच्यात डुकराचं मांस पडतं. ती आता त्यांचीच आहे, आपण हक्क सांगायला जाऊ नये.

मग मध्यावर गोष्ट अचानक आपल्या ओळखीच्या गल्लीत शिरते. तीन तरुण खलाशांचा एक जुना फोटो उमीकडे असतो, तोच शुनकडेही निघतो. शुन दत्तक आहे आणि सरकारी कुटुंबनोंदणीत त्याचा बाप म्हणून उमीच्या वडिलांचं नाव आहे. म्हणजे ही भावंडं! आपण हिंदी सिनेमावर वाढलेली माणसं, लगेच हसू येतं. शुनलाही येतं. हे तर एखाद्या पडेल सिनेमासारखं झालं, असं तोच म्हणतो. मात्र इथला घोटाळा कुणा खलनायकाने केलेला नाही, तो त्या काळाने केलाय. शुनचा खरा बाप, फोटोतला दुसरा खलाशी, परदेशातून जपानी माणसांना परत आणणाऱ्या जहाजावर अपघातात गेला. आई बाळंतपणात गेली. बाकीचे नातलग नागासाकीच्या बॉम्बमध्ये. ते तान्हं मूल अनाथालयात जाऊ नये म्हणून उमीच्या वडिलांनी त्याला स्वतःचं नाव लावलं. उमीची आई तेव्हा पोटुशी होती, दोन बाळं सांभाळणं शक्य नव्हतं. मग आपलं बाळ नुकतंच गमावलेल्या एका जोडप्याकडे ते दिलं. सरकारी कागद खोटा होता, पण तो लिहिणाऱ्याचा हेतू स्वच्छ होता. आई अमेरिकेहून परतल्यावर उमी रात्री तिला विचारते, शुन बाबांचाच मुलगा असला तर? आई शांतपणे विचारते, तो त्यांच्यासारखा दिसतो का गं? आणि इतके दिवस भात रांधणारी, धुणारी, घासणारी मुलगी पहिल्यांदा आईच्या कुशीत हमसून रडते.

शेवट मला सोपा वाटतो. पोरं तोक्योला जाऊन शाळेच्या उद्योगपती अध्यक्षांना भेटतात, ते इमारत बघायला येतात, खूश होतात आणि ती वाचते. या अध्यक्षांच्या पात्रामागे जिबलीच्या पाठीशी उभे राहिलेले प्रकाशक तोकुमा आहेत. ते 2000 मध्ये वारले, त्यामुळे त्यांचं चित्र प्रेमाने रेखाटलेलं असणार हे समजू शकते. पण ऑक्टोबर 1964 च्या ऑलिंपिकसाठी तोक्योत तेव्हा कुणी कुणाचं ऐकत नव्हतं. जिथून जपानच्या रस्त्यांची अंतरं मोजतात तो 1911 चा निहोनबाशी हा दगडी पूल. त्याच्या डोक्यावरून 1963 मध्येच उन्नत महामार्ग गेला आणि पुलाच्या वाट्याचं आभाळ संपलं. आता तोच महामार्ग जमिनीखाली नेण्याचं काम चालू आहे आणि 2040 च्या सुमाराला पूल पुन्हा मोकळा होणार आहे. उमी तेव्हा त्र्याण्णव वर्षांची असेल. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी ती पुलाचे कठडे पुसायला गेली, तर मला नवल वाटणार नाही. फक्त या खेपेला फडकं भावाच्याही हातात द्यावं.