मनगटाच्या मापाचे घड्याळ

आज बेळगावच्या खडेबाजारात भाच्यासाठी घड्याळ पाहताना जाणवले की, गिऱ्हाईक तबकडीचा व्यास तेवढा विचारते; पट्टा जिथे अडकतो, त्या वरच्या-खालच्या टोकांमधले अंतर कोणी मोजतच नाही. वास्तविक ते अंतर मनगटाच्या सपाट रुंदीबाहेर गेले, की ४० मिलिमीटरचे घड्याळही हातावर परके दिसते. घेर सारखाच असला तरी चपट्या मनगटावर मोठे घड्याळ नीट बसते. गोल मनगटावर मात्र त्याची टोके अधांतरी राहतात, म्हणून तिथे आखूड आणि खाली वळलेली टोके बरी. भाच्याचे मनगट गोल आणि हट्ट ४४ मिलिमीटरचा! (आमच्या वडिलांच्या पिढीची ‘एचएमटी जनता’ सुमारे ३५ मिलिमीटरचीच असे.) शेवटी ३८ मिलिमीटरचे घेतले, पट्टा तेवढा त्याच्या पसंतीचा.