आरटीसीच्या तोंडात अरोवाना

सकाळी पावणेसातला फोन आला. "दादा, अरोवाना नाहीये." घरोघरच्या माशांच्या टाक्या सांभाळायच्या आमच्या धंद्यात 'नाहीये' म्हटलं की दोनच जागा शोधायच्या असतात: टाकीबाहेरची फरशी आणि टाकीतल्या दुसऱ्या माशाचं पोट. सोफ्याखाली बघा म्हटलं, तर ते आधीच बघून झालं होतं.

पिंपरी-चिंचवडमधला हा बंगला. तळमजल्यावर आठ बाय तीन बाय अडीच फुटांची टाकी, म्हणजे साधारण सतराशे लिटर पाणी. काच, स्टँड, सम्प (पाणी गाळायची जोडटाकी) धरून वजन दोन टनांच्या वर. त्यात एक सिल्व्हर अरोवाना, दोन डॅटनॉइड मासे (आमच्या भाषेत डॅट) आणि तळाशी एक रेडटेल कॅटफिश, ज्याला आम्ही सगळे आरटीसी म्हणतो. हा आरटीसी बंगल्याच्या मालकांना, म्हणजे साहेबांना, कुण्या दुकानदाराने तीन इंचांचा असताना विकला होता, "टाकीएवढाच वाढतो" असं सांगून. ही थाप किती दुकानांत ऐकली असेल त्याला गणती नाही. ॲमेझॉनमध्ये हा मासा चार फुटांच्या वर जातो. टाकी लहान असली तर तो लहान राहत नाही, वाकडा होतो, आजारी पडतो आणि मरतो.

माझं काम लोकांना वाटतं मासे बघायचं. खरं काम पाणी वाहायचं. चौथा हिस्सा पाणी बदलायचं म्हणजे चारशे-सव्वाचारशे लिटर. इथे नळाला दिवसाआड पाणी, म्हणून ड्रममध्ये साठवा, हायपो टाकून क्लोरीन मारा, आणि त्यात सोसायटीने मध्येच टँकर मागवला तर पीएचचा पत्ताच बदलतो. एवढं सगळं करून घरातले विचारतात, "आज फक्त पाणीच बदललं का?"

त्या सकाळी गेलो तर आरटीसी कोपऱ्यात पोट टेकून पडलेला. पोट असं फुगलेलं की दोन्ही बाजूंचे पर जमिनीला टेकत नव्हते. तो कल्ले उघडायला तोंड किंचित फाकायचा तेव्हा मिशांच्या मधून अरोवानाच्या शेपटीचं टोक दिसायचं, पुन्हा मिटायचं. अरोवाना वीस इंचांचा, आरटीसी अडीच फुटांचा. ज्यांनी आरटीसीच्या जबड्याचा घेर पाहिलाय त्यांना याचं आश्चर्य वाटणार नाही. डॅटच्या पाठीला काटे असतात, ते घशात अडकतात. अरोवाना मात्र गुळगुळीत, पट्टीसारखा. सरळ आत.

"तीन वर्षं भावांसारखे राहिले," साहेब म्हणाले. राहिले, कारण तीन वर्षं अरोवाना त्या तोंडात मावत नव्हता. शिकारी माशांच्या टाकीत शांतता असते ती एवढ्याच हिशोबावर. एक वरच्या थरात फिरतो, एक तळाला झोपतो, दोघांची पोटं भरलेली असतात आणि कुणाच्या तोंडात कुणी बसत नाही. यातलं एक जरी बिघडलं तर नातं संपलं.

पण घरात चर्चा वेगळीच चालली होती: आरटीसीने मारला की मेलेला खाल्ला? मारला असेल तर आरटीसी घरात नको, मेलेला खाल्ला असेल तर त्याचा दोष नाही, असा साहेबांचा न्याय. आजींनी तोवर स्वतःचा निकाल देऊन टाकला होता. "घरावरचं संकट त्याने अंगावर घेतलं." अरोवाना वास्तूसाठीच आणलेला, त्यामुळे यावर कुणी वाद घातला नाही.

मी झाकण काढून उलटं केलं. अरोवाना उडी मारतो, जंगलात पाण्यावरच्या फांदीवरचे किडे तो असेच टिपतो. म्हणून झाकणावर दोन्ही टोकांना विटा ठेवायला लावल्या होत्या. डावीकडची वीट सरकलेली. झाकणाच्या आतल्या बाजूला वाळलेला चिकट पट्टा, आणि त्यात रुपयाच्या नाण्याएवढा एक खवला. म्हणजे रात्री तो जोरात आदळला होता. अंधाऱ्या खोलीत एकदम दिवा लागला की अरोवाना बिथरतो, हे मी या घरात प्रत्येकाला सांगितलंय. रात्री दिवा कुणी लावला? कुणीच नाही. मुलगा मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, "आवाज आला होता दीडच्या सुमाराला." आवाज ऐकणारा माणूस दीडला हॉलमध्ये काय करत होता, हे विचारायची माझी जागा नाही.

डोक्याला मार लागून तो तळाला गेला असेल तर तो खाली पोचायच्या आत मेला होता की नुसता गुंगीत होता? तिथे माझं घोडं अडलं ते अजून अडलेलंच आहे.

साहेब म्हणाले, "ओढून काढा की." काढता आला असता कदाचित, पण आरटीसीच्या तोंडात काचपेपरसारख्या बारीक दातांचे पट्टे असतात, आत वळलेले. ओढलं तर घसा सोलवटतो. मी सांगितलं, हात लावू नका, दिवा बंद, खायला काही नाही, काचेवर टिचक्या मारू नका. घाबरला तर सगळं बाहेर टाकेल.

तिसऱ्या दिवशी पाहुण्यांना दाखवायला काच वाजवली गेली आणि आरटीसीने अर्धवट पचलेला अरोवाना ओकून टाकला. तो वास मी वर्णन करत नाही. अमोनियाची चाचणी लावली तर रंग गडद हिरवा, म्हणजे अमोनिया खूपच वाढलेला. टँकरच्या पाण्याने टाकीचा पीएच आठवर गेला होता, आणि पीएच सातवरून आठवर गेला की त्याच अमोनियातला विषारी भाग नऊ-दहा पट होतो. शेजारच्या दोन बंगल्यांतून साठवलेलं पाणी मागून आणलं, सम्पमधली स्पंज टाकीच्याच पाण्यात पिळली, कारण नळाखाली धुतली तर तिच्यातले उपयोगाचे जिवाणूही जातात. डॅट वाचले.

बाहेर आलेला अरोवाना मी बादलीत घेऊन बघितला. डोक्याची जखम बघायची होती. पण मोठा मासा शिकार डोक्याकडून गिळतो, त्यामुळे पोटात सगळ्यात आधी विरघळलं ते डोकंच. शेपटीकडचे खवले मात्र अगदी धड.

मग साहेबांनी आरटीसीला खडकवासल्यात सोडायची गोष्ट काढली. तिथे माझा आवाज चढला. 2023 मध्ये श्रीनगरच्या दल सरोवरात ॲलिगेटर गार सापडला, अमेरिकेतला मासा. कुणाच्या तरी दिवाणखान्यातून गेल्याशिवाय तो तिथे पोचत नाही. आपल्या धरणात असला मासा सोडणं म्हणजे पुण्य नाही. ओळखीच्या दुकानांना विचारलं, एवढा मोठा कुणी घेत नाही. तीन इंचांचा विकायला मात्र सगळ्यांकडे असतो.

आरटीसी तिथेच आहे. दहा-बारा दिवसांनी कोळंबीला तोंड लावलं. हॉलमध्ये हळूहळू उजळणारा दिवा बसवून घ्यायला सांगितलाय, तो अजून बसलेला नाही. परवा साहेबांचा निरोप आला, या वेळी मोठाच अरोवाना बघा, अडीच फुटी, म्हणजे भानगड नको. मी कळवलं की मासा मिळेल, पण टाकी वेगळी लागेल. त्यावर उत्तर आलेलं नाही.