मला पायचीत कळलं

गुरुवार, रात्री

आज आयुष्यात पहिल्यांदा कसोटी सामन्याचा एक अख्खा दिवस पाहिला. भाची आठवडाभर राहायला आली आहे. ती स्वतः खेळते, त्यामुळे टीव्ही सकाळपासून चालू. एरवी सामना लागला की मी उठून दुसऱ्या खोलीत जाते. लहानपणी एकदा मोठ्यांच्या घोळक्यात बसून "पायचीत म्हणजे काय?" असं विचारलं होतं. "राहू दे, तुला नाही कळायचं," एवढंच उत्तर आलं. त्यानंतर मी विचारलंच नाही. माणसाला नाउमेद करायला किती थोडे शब्द पुरतात!

आज जोरदार अपील झालं, अकरा जण एकदम ओरडले, पंचाने नकारार्थी मान हलवली. मी पुटपुटले, "पायाला तर लागला की." भाचीने मागे वळून पाहिलं. "मावशी, नुसता पायाला लागून नाही भागत. थांब, वही आण."

तिने पानावर वरून दिसतं तसं चित्र काढलं. तीन ठिपके म्हणजे स्टंप, आणि दोन्ही कडेच्या ठिपक्यांपासून समोरच्या टोकापर्यंत दोन सरळ रेघा. मग म्हणाली, "आता चेंडूला तीन प्रश्न विचारायचे. टप्पा कुठे पडला? पायाला लागला तेव्हा तू कुठे होतास? पाय मध्ये नसता तर स्टंपांवर गेला असतास का?"

टप्पा लेग स्टंपच्या, म्हणजे फलंदाजाच्या पायांकडच्या स्टंपच्या, बाहेर पडला की विषय संपला, पुढचे प्रश्न विचारायचेच नाहीत. ऑफ स्टंपच्या, म्हणजे दुसऱ्या कडेच्या स्टंपच्या, बाहेर पडला तर चालतो, पण मग पायाला लागताना चेंडू त्या दोन रेघांच्या आत हवा. फलंदाजाने फटका मारायचा प्रयत्नच केला नसेल, तर मात्र ऑफच्या रेघेबाहेर लागला म्हणून सुटायची सवलत त्याला मिळत नाही. आणि आधी बॅटला लागून मग पॅडवर आला, तर तो बाद नाहीच.

मी विचारलं, लेगच्या बाजूला एवढी मेहेरबानी का? ती म्हणाली, नाहीतर गोलंदाज दिवसभर पायांच्या मागेच चेंडू टाकत बसतील, खेळणार कसं? पटलं. नियमामागचं कारण कळलं की तो पाठ करावा लागत नाही.

रात्री थोडं वाचलं. १७७४च्या नियमांत हे पहिल्यांदा आलं, आणि तेव्हा प्रश्न एवढाच होता की फलंदाजाने मुद्दाम पाय आडवा घातला का. ऑफ स्टंपबाहेर टप्पा पडलेल्या चेंडूवरही बाद देता येतं, हे १९३७ साली नियमात आलं. म्हणजे ज्यांनी हा खेळ घडवला त्यांनाही पायचीत एका दिवसात सापडलं नव्हतं. मला हे वाचून खरंच धीर आला.

शुक्रवार

काल शिकलेलं सगळं आज सकाळी डावखुरा फलंदाज आल्याबरोबर उलटं झालं. त्याचा ऑफ म्हणजे मघापर्यंतचा लेग! एक धाव निघाली की मैदानावरचे खेळाडू इकडून तिकडे का चालत जातात, याचं मला कायम नवल वाटायचं. समोर डावखुरा आला, म्हणून जागा बदलतात. जागेचं नाव जमिनीला चिकटलेलं नाही, ते फलंदाजाबरोबर फिरतं. हे समजल्यावर पॉइंट, गली, मिडविकेट, फाइन लेग ही नावं आपोआप जागेवर बसायला लागली. "शॉर्ट" म्हणजे फलंदाजाच्या जवळ, "डीप" म्हणजे सीमारेषेकडे, आणि "सिली" म्हणजे इतकं जवळ की तिथे उभं राहणं हे धाडसच. सिली पॉइंटला हेल्मेट घालून वाकलेला तो मुलगा मी आज बराच वेळ पाहत होते. प्रत्येक चेंडूला तो तसाच वाकतो. बहुतेक वेळा त्याच्याकडे काहीच येत नाही, तरी पुढच्या चेंडूला पुन्हा तयार.

आपले मराठी शब्द किती नेमके आहेत, हेही आजच लक्षात आलं. पायचीत, यष्टिचीत, धावचीत, त्रिफळाचीत. यातलं "चीत" थेट कुस्तीच्या हौद्यातलं आहे, पाठ टेकली की संपलं. माणूस कशाने चीत झाला ते शब्दातच सांगून टाकलंय. "लेग बिफोर विकेट" ऐकून पाय कुठे होता एवढंच कळतं. षटक तर सहाचंच. ऑस्ट्रेलियात १९७८-७९च्या मोसमापर्यंत एका वेळी आठ चेंडू टाकत असत. त्याला षटक कसं म्हणणार? अष्टकच म्हणावं लागलं असतं.

हॅटट्रिकचीही गोष्ट आहे. १८५८ साली शेफिल्डला एच. एच. स्टीफन्सन याने लागोपाठ तीन चेंडूंवर तीन बळी घेतले, तेव्हा लोकांनी वर्गणी काढून त्याला टोपी घेऊन दिली. शब्दाचा उगम तिथला असं सांगतात. या कौतुकाच्या टोपीचं नाव पुढे फुटबॉलमध्येही गेलं.

शनिवार

पावसामुळे बराच वेळ खेळ बंद, म्हणून फुटबॉल लावला. ऑफसाइड. भाची म्हणाली, "मावशी, चेंडूकडे पाहू नकोस."

हे कसं शक्य आहे? सगळे चेंडूकडेच तर पाहतात! पण ती म्हणत होती ते खरं. पास निघाला त्या क्षणी पुढचा खेळाडू कुठे होता, एवढंच मोजायचं. चेंडू त्याच्यापर्यंत पोचला तेव्हा तो कुठे होता याला काडीचंही महत्त्व नाही. समोरच्या अर्ध्या मैदानात तो चेंडूच्याही पुढे असेल, आणि प्रतिस्पर्ध्यांतल्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्याही पुढे असेल, तर ऑफसाइडच्या जागी आहे. शेवटचा बहुधा गोलरक्षक असतो, म्हणून व्यवहारात शेवटच्या बचावपटूकडे पाहायचं. बरोबरीत असेल तर चालतो. आणि तिथे नुसतं उभं असणं हा गुन्हा नाही, खेळात भाग घेतला तरच झेंडा वर. १९२५पर्यंत पुढे दोनऐवजी तीन प्रतिस्पर्धी लागत, तेव्हा गोल करणं किती अवघड असेल!

चार-पाचदा मी चुकले. मग एकदा नजर मुद्दाम बचावफळीवर ठेवली आणि पास निघताक्षणी तो पुढचा खेळाडू अर्धं पाऊल पुढे दिसला. झेंडा वर गेला. मला वाटतं, हे सगळे शब्द म्हणजे नजर कुठे ठेवायची याच्या खुणा आहेत. आपण बाहेरचे लोक अर्थ विचारतो, आणि सांगणारे व्याख्या सांगतात. "इकडे बघ" असं म्हणणारं माणूस फार थोड्यांना भेटतं. मला ते घरातच भेटलं.

रविवार, रात्री उशिरा

दिवसाचा खेळ संपायला थोडाच वेळ उरला होता. उन्हं कलली, सावल्या लांबल्या आणि आमच्या संघाचा गडी बाद झाला. आता भरवशाचा फलंदाज येणार म्हणून मी सावरून बसले, तर आला एक गोलंदाज! हा का? भाचीकडे पाहिलं, ती नुसती हसली. मीच विचार करायचा होता. उजेड कमी, गोलंदाज ताजेतवाने, एवढ्यासाठी चांगला फलंदाज का गमवायचा? "हा राखण करायला आलाय," मी म्हणाले. "नाईट वॉचमन!" ती ओरडली.

तिनेच सांगितलं, २००६ साली ऑस्ट्रेलियाचा जेसन गिलेस्पी बांगलादेशविरुद्ध असाच राखण करायला आला आणि नाबाद २०१ धावा करून परतला. तो त्याचा शेवटचा कसोटी सामना ठरला.

आमच्या राखणदाराने आज एकही धाव काढली नाही. चेंडू छातीपर्यंत येत होते. एक बोटावर बसला, त्याने ग्लोव्ह काढून हात झटकला, पुन्हा घातला आणि उभा राहिला. शेवटच्या षटकात स्लिपमध्ये चौघे, शॉर्ट लेगला एक, सिली पॉइंटला तोच मुलगा. कोण कुठे उभा आहे ते मला ओळीने सांगता येत होतं. शेवटचा चेंडू त्याने सोडला, यष्टिरक्षकाच्या हातात गेला, आणि पंचांनी स्टंपांवरच्या बेल्स काढल्या.

उद्या शेवटचा दिवस. रजा टाकली आहे. तो राखणदार सकाळी किती वेळ उभा राहतो, ते मला पहिल्या चेंडूपासून पाहायचंय.