फुकटचा इंडक्शन दिवा आणि कोथिंबिरीचं लाइट बिल

गेल्या वर्षी आमच्या समोरच्या मोकळ्या प्लॉटवर सात मजले चढले आणि आमच्या बाल्कनीतलं ऊन कायमचं गेलं. आम्ही पहिल्या मजल्यावर, आधी सकाळी दहा-साडेदहापर्यंत मस्त कोवळं ऊन यायचं, पुदिना तर कुंडीबाहेर पडून फरशीवर पसरायचा, आता दिवसभर नुसता पांढरा उजेड असतो जो डोळ्यांना भरपूर वाटतो पण झाडांना काहीच पुरत नाही. तुळस काड्या झाली, कोथिंबीर दोन पानांवर येऊन आडवी. मी मनी प्लांटवाली बाई नाही हो, मला खायची झाडं लागतात.

हे रडगाणं मामासमोर गायलं आणि तिथेच चुकले, कारण त्याच आठवड्यात त्याच्या भोसरीच्या वर्कशॉपमधले छताचे जुने दिवे काढून एलईडी लावत होते. रविवारी साहेब दिवा घेऊन दारात हजर. ८० वॅटचा इंडक्शन, रिफ्लेक्टरसकट, सोबत पाटीएवढा जड डबा. "घे गं, लाख तास चालतो म्हणतात, वीजपण कमी खातो, तुझ्या झाडांना लाव." फुकट म्हटल्यावर मी कशाला नाही म्हणतेय!

आईचा पहिला प्रश्न, "इंडक्शन म्हणजे शेगडी ना ती?" सगळे हसलो, पण नंतर वाचत बसले तर कळलं की तिचं निम्मं बरोबर होतं. शेगडीत खालची कॉइल चुंबकीय क्षेत्र तयार करते आणि त्याने भांड्याच्या बुडात करंट फिरतो, इथे तसाच करंट काचेच्या नळीतल्या वायूत फिरतो. या दिव्याची नळी म्हणजे एक बंद चौकट, तिच्यावर दोन बाजूंना हातकड्यांसारखी फेराइटची (म्हणजे चुंबकीय सिरॅमिकची) दोन जाड कडी, त्यांना गुंडाळलेल्या तारेतून साधारण २५० किलोहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला अडीच लाख वेळा मागेपुढे होणारा करंट सोडतात. ट्रान्सफॉर्मरच बघा, फक्त दुसऱ्या वाइंडिंगच्या जागी आतला वायू. मग पाऱ्याची वाफ न दिसणारे अल्ट्राव्हायोलेट किरण सोडते, काचेच्या आतली पांढरी पावडर त्याचा दिसणारा उजेड करते. म्हणजे शेवटी काय, तर ट्यूबलाइटच! फक्त आपल्या ट्यूबची टोकं काळी पडून ती ज्या फिलामेंटपाशी मरते ते फिलामेंटच यात नाही, म्हणून आयुष्य मोठं. बिनतारी दिवे पेटवून दाखवायचा खेळ टेस्लाने १८९० च्या दशकातच केला होता, असा दिवा बाजारात नीट आला तो मात्र १९९० च्या दशकात, फिलिप्सचा क्यूएल नावाचा दिवा वगैरे.

आणि लाख तासांचं गणित जरा करून बघा. रोज १४ तास लावला तर साडेएकोणीस वर्षं. नळी टिकेलही, पण तिला चालवणारा तो जड डबा म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स आहे, तो एवढा टिकेल यावर मी पैज लावणार नाही. शिवाय आतली पावडर हळूहळू म्हातारी होत जाते, ६० हजार तासांनी दिवा चालू असतो पण पहिल्या दिवसाच्या साधारण ७० टक्के उजेड देतो. माणसाला ते जाणवत नाही. झाडाला जाणवतं.

तर लावला दिवा. बाल्कनीच्या आतल्या बाजूला लोखंडी रॅक आहे, त्याच्या वरच्या पट्टीला साखळीने टांगला, कुंड्यांपासून दीड फूट वर, टायमर सकाळी सहा ते रात्री आठ. तीन आठवडे मी खूष होते. पुदिना सुधारला, मेथी फुटली. कोथिंबीर मात्र उगवली, उंच झाली आणि परत लुळी पडली, मान टाकून बसलेली.

मग मामाकडूनच लक्स मीटर, म्हणजे उजेड मोजायचं यंत्र, मागवलं (फोनच्या अ‍ॅपवर अजिबात विसंबू नका, माझा फोन आणि भावाचा फोन यांच्यात दुपटीचा फरक आला). दुपारी गच्चीवर उन्हात धरलं तर लाखाच्या आसपास. बाल्कनीत, दिवा बंद करून, हजारभर. दिव्याखाली बरोबर मधोमध साडेसहा हजार, कडेच्या कुंड्यांवर त्याच्या निम्मं. साडेसहा हजार ऐकायला दणदणीत वाटतं ना, मलाही वाटलं होतं.

पण लक्स (जागेवर पडणारा उजेड) आणि ल्युमेन (दिव्यातून निघणारा एकूण उजेड) ही मापं माणसाच्या डोळ्यासाठी आहेत, आपल्या डोळ्याला हिरवापिवळा जास्त दिसतो म्हणून त्या रंगाला जास्त मार्क. झाड प्रकाशाचे कण मोजतं, साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर लहरीमधले (जांभळ्यापासून लालपर्यंत), आणि ते मायक्रोमोलमध्ये मोजतात (डझनासारखंच मोजायचं माप, फक्त अवाढव्य, आणि दहा लाख मायक्रोमोलचा एक मोल). ट्यूबसारख्या पांढऱ्या उजेडाचे लक्स सत्तर-पंच्याहत्तरने भागायचे (उन्हाचे ५४ ने), की दर सेकंदाला चौरस मीटरवर किती मायक्रोमोल पडतात ते ढोबळमानाने निघतं. माझे आले ८८. कडक उन्हात दोन हजारापर्यंत जातं. चौदा तासांची बेरीज केली तर दिवसाला साडेचार मोलपण नाही, आणि कोथिंबीर, बेसिल असल्या मंडळींना निदान दहा-बारा तरी लागतात. म्हणजे मी बिचारीला अर्ध्या पोटी ठेवून वर तिलाच नाजूक म्हणत होते.

बरं, मग "वीज कमी खातो" हे कुठून आलं? तर कशाच्या तुलनेत ते कुणी सांगतच नाही. कारखान्यात आधी मर्क्युरी व्हेपर किंवा मेटल हॅलाइड जातीचे मोठे दिवे असायचे, त्यांच्याजागी हे लावले तेव्हा खरंच बचत झाली, मामा काही थापा मारत नव्हता. पण ती बचत जुन्या दिव्यांच्या मानाने. इंडक्शन वॅटला ६० ते ८५ ल्युमेन देतो, आज कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातली २० वॅटची साधी एलईडी ट्यूब दोन हजार ल्युमेन देते, म्हणजे वॅटला शंभर. २०१४ मध्ये अमेरिकेत युटा स्टेट युनिव्हर्सिटीच्या दोघांनी झाडांसाठीचे बरेच दिवे मोजून पेपर काढला होता, त्यात इंडक्शन विजेच्या एका ज्यूलला (एक वॅटचा दिवा सेकंदात खातो तेवढी वीज) जेमतेम १ मायक्रोमोलच्या आसपास अडकला, साध्या फ्लोरोसंटच्या पंगतीत, आणि तेव्हाचे चांगले एलईडी नि मोठे सोडियम दिवे १.७ ला होते. सोडियम तिथेच राहिला, एलईडी त्यानंतर अडीच-तीनपर्यंत पोचलाय. इंडक्शनमध्ये नवीन काही करायला कुणी बसलेलंच नाही.

इंडक्शनच्या जाहिरातीत अजून एक गंमत असायची, "प्युपिल ल्युमेन". म्हणजे उजेडात निळा जास्त असला की आपल्या डोळ्यातली बाहुली आकसते आणि कमी उजेडातही स्पष्ट दिसतं, म्हणून ल्युमेनला एका आकड्याने गुणून फुगवून लिहायचे. रस्त्यावरच्या दिव्यासाठी त्यावर वाद घालता येईल. कोथिंबिरीला बाहुली नसते.

रंगाचं घरीच बघायचं असेल तर जुनी सीडी घ्या आणि तिच्यात दिव्याचं प्रतिबिंब तिरकं बघा. इंडक्शनचे निळा, हिरवा, लाल असे सुटे सुटे पट्टे दिसतात, मधे काळोख, पांढऱ्या एलईडीचा जवळपास सलग पट्टा दिसतो. तासभर मी आणि शेजारचा पोरगा हेच करत होतो. सुट्या पट्ट्यांनी झाडाचं काही बिघडत नाही हां. आणि हिरवा उजेड झाडं परत फेकतात म्हणून वाया जातो हेही पूर्ण खरं नाही, मॅक्री नावाच्या संशोधकाने १९७२ सालीच २२ पिकांच्या पानांवर मोजून दाखवलंय की हिरव्यावरही पान चांगलं काम करतं. म्हणून झाडांसाठी विकतात ते नुसत्या लाल-निळ्या उजेडाचे जांभळे दिवे मी घेतले नाहीत, त्या उजेडात पान पिवळं पडलंय की नाही हेच कळत नाही, आणि घर बारसारखं दिसतं ते वेगळंच.

शेवटी दोन साध्या पांढऱ्या एलईडी ट्यूब आणल्या, दोन्ही मिळून ४० वॅट. त्या तापत नाहीत फारशा, म्हणून एका फुटावर आणता आल्या, आणि मीटरवर आकडा आला सहा हजाराच्या थोडा वर. जवळपास तेवढाच उजेड निम्म्या विजेत (थोडी चलाखी जवळ आणण्याची आहे, मान्य, पण इंडक्शनचं ते धूड मला एवढं खाली आणताच येत नव्हतं). इंडक्शन डब्यासकट प्लगपाशी ८४ वॅट घेत होता, महिन्याला ३५ युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर साडेतीनशे, आणि आमचं विजेचं मीटर आधीच महिन्याला शंभर युनिटच्या पुढे असल्याने ही वरची युनिटं महागातलीच. साडेतीनशे रुपयांत मंडईतून किती जुड्या येतात हा हिशोब आईने माझ्यासमोर मोठ्याने केला. दोन ट्यूबना १७ युनिट लागतात. मग मी अजून दोन लावल्या, आता इंडक्शनएवढीच वीज जाते पण उजेड दुप्पट, दिवसाला नऊ मोलच्या आसपास, आणि कोथिंबीर ताठ उभी आहे. मंडईपेक्षा स्वस्त अजूनही नाही, ते सोडा.

अजून एक राहिलं. इंडक्शन चालू असताना बाबांचा ट्रान्झिस्टर मीडियम वेव्हवर नुसता घुंईईई करायचा. बाबा आठवडाभर रेडिओच उघडून बसले होते, मला सांगितलंसुद्धा नाही!

तर तुमच्याकडे तो आधीच असेल आणि सावलीतली झाडं किंवा मेथीचे कोवळे कोंब एवढंच करायचं असेल तर खुशाल लावा, झाड त्याच्याखाली मरत नाही. पण विकत घेऊ नका, अगदी स्वस्तात कुणी ओएलएक्सवर टाकला असला तरी, आणि माझं तर आता मत असं आहे की फुकटही नको.

कारण तो टाकायचा कुठे हा पुढचा ताप. आत पारा आहे, त्यामुळे भंगारवाल्याला द्यायचा नाही, तो फेराइट आणि तांब्यासाठी काच तिथल्या तिथे फोडणार. ई-कचऱ्याच्या नियमांत पाऱ्याचे दिवे येतात, अधिकृत रिसायकलरकडेच जायला हवेत, आणि मामाच्या वर्कशॉपचा लॉट तर तिकडे केव्हाच गेला. सोसायटीत ई-कचऱ्याची गाडी येईपर्यंत दिवा माळ्यावर आहे, खोक्यावर मार्करने मोठ्ठं लिहून ठेवलंय, "काच. आत पारा. आई, हे देऊ नकोस."