ओल जाते तेव्हा

पाणी लागलं की चुन्याचा गिलावा खराब होतो, अशी माझी कित्येक वर्षांची समजूत. म्हणजे पाऊस संपला, भिंत वाळली की सुटलो. पण पोपडे सुटायचे ते नेमके त्यानंतर. ओल असेपर्यंत भिंत नुसती काळपट, गप्प. आठ-दहा दिवस कोरडे गेले की जमिनीपासून हात-दीड हातावर तिला पांढरी मिशी फुटायची आणि सकाळच्या केरात चुन्याचा भुगा यायचा.

ही मिशी म्हणजे लोणा. जवळ जाऊन पाहिलं तर कापसाच्या तंतूंसारखे बारीक, उभे केस. फुंकर मारली की उडतात. मी ते एकदा ओल्या फडक्याने पुसून काढले. भिंत लख्ख! आठवड्याने लोणा दुप्पट उत्साहाने हजर. पुसलेलं मीठ मीच विरघळवून परत आत पाठवलं होतं. लोणा कोरड्या ब्रशने झाडायचा आणि खाली पडलेला भुगाही उचलून लांब टाकायचा, नाहीतर तो पुढच्या ओलीबरोबर पुन्हा भिंत चढतो.

दिव्याच्या वातीतून तेल चढतं तसं जमिनीतलं पाणी भिंतीत चढतं, सोबत क्षार घेऊन. पाणी उडून जातं, क्षार मुक्कामाला राहतात. बाहेर बसले तर नुसते कुरूप दिसतात. घात होतो तो आतल्या छिद्रांत त्यांचे स्फटिक झाले की. सोडियम सल्फेटच घ्या. कोरडं असताना ते गुमान पडून असतं. ओल मिळाली की एका रेणूमागे पाण्याचे 10 रेणू पोटात घेतं आणि त्याला आधीच्या सुमारे चौपट जागा लागते. छिद्र तेवढंच. एकदा-दोनदा गिलावा सोसतो. पण दर ओलीला, दर वाळण्याला हीच रेटारेटी झाली की आतून भुसभुशीत होतो. वरून धड दिसणाऱ्या जागी बोटाने टकटक केलं तर बद्द आवाज येतो, आणि मग खिळा ठोकायचीही भीती वाटते.

मग कायम ओली भिंत बरी का? तर तसंही नाही. चुना नुसता वाळून घट्ट होत नसतो. भट्टीत 900 अंशांच्या आसपास चुनखडीतला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. विरवलेला चुना भिंतीवर चढला की तोच वायू हवेतून परत घेऊन हळूहळू दगड होतो. त्याला थोडी ओल लागतेच, पण छिद्रं पाण्याने तुडुंब भरली की वायूची वाट अडते; हवेच्या मानाने पाण्यातून तो हजारो पटींनी हळू सरकतो. शिवाय असा कच्चा चुना लिटरभर पाण्यात दीड ग्रॅमच्या वर विरघळतो, पिकलेला जेमतेम काही मिलिग्रॅम. गंमत म्हणजे हाच विरघळलेला चुना कधीकधी केसाएवढ्या भेगेत जाऊन बसतो आणि ती बुजवून टाकतो. पाणी पोखरतं आणि डागडुजीही करतं.

मी केलेली डागडुजी मात्र वाईट होती. खालच्या पट्ट्यावर सिमेंट मारून घेतलं. दोन वर्षं झकास. मग ओल सिमेंटच्या वरच्या काठावर, जुन्या गिलाव्यात उगवली, म्हणजे आधीपेक्षा हातभर उंच. शेवटी सिमेंटचा पापुद्रा अख्खा सुटून आला, पाठीला जुना चुना चिकटवून. चुना श्वास घेतो असं म्हणतात. मला ते जरा लाडिक वाटतं. भिंतीला घाम येऊ देतो, एवढं म्हणू. सिमेंटने तो कोंडला.

आता तिथे पुन्हा चुनाच आहे. चार महिन्यांनी दोन टवके काढले आणि मोडलेल्या कडेवर फिनॉल्फ्थलीनचे थेंब टाकले. कच्चा चुना त्याने गुलाबी होतो, पिकलेला नाही. वरच्या टवक्याला बाहेरून बोटाच्या नखाएवढी पांढरी साल होती, गुलाबी फक्त गाभा. खालच्या, ओलीजवळच्या टवक्याला साल शोधावी लागली. गुलाबी रंग थेट काठापर्यंत आला होता.